मधल्या फळीचा माणूस

(धर्मग्रामाच्या महोत्सवांतील क्रीडादिनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या आठवड्यांत वडील मंडळींनीं आपल्या धर्मग्रामाचा इतिहास सांगितला, धर्मभगिनींनीं शाळेचा वृत्तान्त वाचला, आणि आजचा दिवस खेळांच्या बक्षिसांचा असल्यामुळें आम्हीं खेळाविषयीं दोन शब्द बोलावे असें समितीनें ठरविलें. संत पौलानें करिंथच्या मंडळीस लिहितांना शर्यतींत धांवणाऱ्यांचा दृष्टान्त घेतला आहे. तोच आम्ही पुन्हा सांगूं व लवकर खालीं बसूं, अशी समितीची अपेक्षा असावी. पण तो दृष्टान्त आपण इतक्या वेळां ऐकला आहे कीं, आमचें पहिलें वाक्य पुरें होण्यापूर्वींच मागच्या बांकांवर जांभया सुरू होतील. शिवाय आम्हांस एका प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें आहे.

गोष्ट अशी. यंदाच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशीं एका संघाचा कप्तान आमच्याकडे आला आणि आपल्या विजयासाठीं मिस्सा अर्पण करावी अशी त्यानें विनंती केली. तो फाटकाबाहेर पडतो न पडतो तोंच दुसऱ्या संघाचा कप्तान तीच विनंती घेऊन हजर! आम्हीं दोघांच्या हेतूनें एकच मिस्सा अर्पण केली; निकाल काय लागला तें आपण पाहिलेंच आहे. परंतु तेव्हांपासून एक प्रश्न आमच्या मनांत घोळत आहे. श्रद्धावान ख्रिस्ती माणसानें मैदानांत उतरतांना देवापाशीं मागावें तरी काय? याचें उत्तर आम्ही एका माणसाच्या हकीकतींतून शोधणार आहों.

त्यांचें नांव जोव्हानी त्रापात्तोनी. इटली देशांत लोक त्यांस लाडानें 'इल त्राप' म्हणतात. ते प्रथम फुटबॉलपटू, मग प्रशिक्षक, आणि उतारवयांत सामन्यांचे समालोचक. ते संत नव्हेत, व त्यांस संत ठरविण्याचा आमचा विचारही नाहीं. एके ठिकाणीं तर त्यांची चूक झाली असें आमचें स्पष्ट मत आहे, तें पुढें येईलच.

१९३९ सालच्या मार्च महिन्याच्या १७ तारखेस, म्हणजे आयर्लंडचा प्रेषित संत पॅट्रिक याच्या सणाच्या दिवशीं, मिलान शहराजवळच्या कुझानो मिलानिनो या गांवीं त्यांचा जन्म झाला. (हा सण ध्यानांत ठेवावा; त्याचा संबंध पुढें येणार आहे.) त्याच महिन्याच्या दुसऱ्या तारखेस बारावे पायस परमगुरुपदीं निवडले गेले होते, आणि सहा महिन्यांच्या आंत युरोपांत महायुद्ध पेटलें. युद्धाच्या व त्यानंतरच्या टंचाईच्या दिवसांत कष्टकऱ्याच्या घरांतील मूल जसें वाढावें तसें हें मूल वाढलें. एक बहीण पुढें मठांत जाऊन धर्मभगिनी झाली. जोव्हानी चेंडूमागें धांवला. एकाच घरांतून फुटलेल्या या दोन वाटा फार वर्षांनीं एका अगदीं अनपेक्षित जागीं एकमेकींस भेटल्या, तेंही सांगावयाचें आहे.

मिलानच्या नामांकित संघांत ते १९५९-६० च्या हंगामापासून १९७१ पर्यंत खेळले. त्यांची जागा मधल्या फळींत. आमच्या लहानपणीं या गड्यास 'हाफ' म्हणत. आजचीं मुलें 'मिडफिल्डर' म्हणतात. या जागेविषयीं थोडें बोललें पाहिजे, कारण आपल्या देवळामागच्या मैदानावर ती कोणासच नको असते. पुढच्या फळींतला गडी गोल करतो. त्यास खांद्यावर घेऊन मिरवितात. गोलरक्षकानें एक चेंडू अडविला तरी टाळ्या पडतात. मधल्याचें काम मात्र मोठ्या कुटुंबांतल्या मधल्या सुनेसारखें. सर्वांचें पाहावें, सर्वांस वाढावें, आणि भाजी खारट झाली तर बोलणें तिनेंच ऐकावें. प्रतिपक्षाचा जो सर्वांत हुशार गडी, त्याच्यामागें त्यानें सावलीसारखें फिरावयाचें. त्याच्या पायांतला चेंडू काढून घ्यावयाचा, आणि काढून घेतल्यावर तो स्वतःजवळ न ठेवतां आपल्याहून अधिक कुशल गड्याच्या हवालीं करून मोकळें व्हावयाचें. मिलानच्या संघांत असा कुशल गडी जान्नी रिव्हेरा हा होता. रिव्हेरानें खेळ रचावा आणि त्रापात्तोनींनीं राबावें, अशी ती वांटणी. त्रापात्तोनींनीं ती मनापासून पत्करली, आणि त्रिएस्त शहरचे नेरेओ रोक्को हे जे त्यांचे गुरु, त्यांच्या हाताखालीं त्यांनीं या राबण्याचें शास्त्रच बनविलें.

त्या काळांत मिलाननें १९६२ व १९६८ सालीं इटलीचें अजिंक्यपद मिळविलें. १९६३ सालीं लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर बेन्फिका संघास २-१ असें हरवून युरोपचा चषक प्रथमच इटलींत आणला. त्या दिवशीं यूसेबिओसारख्या वाघास आवरण्याच्या कामीं त्रापात्तोनींचाही वांटा होता. १९६९ सालीं माद्रिद येथें आयाक्स संघाविरुद्ध ४-१ असा पुन्हा तोच चषक. राष्ट्रीय संघाकडून ते १७ सामने खेळले. तत्पूर्वीं १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्येंही ते इटलीच्या संघांत होते. तेथें उपान्त्य सामन्यांत युगोस्लाव्हियाशीं बरोबरी झाली, आणि कोणी पुढें जावें हें चक्क चिठ्ठी टाकून ठरविलें गेलें. चिठ्ठी इटलीच्या विरुद्ध पडली. याच रोममुक्कामीं त्यांस त्यांची भावी पत्नी भेटली, तेव्हां सगळाच तोटा झाला असें म्हणतां येणार नाहीं.

परंतु इटलींत त्यांचें नांव घरोघर झालें तें निराळ्याच कारणानें. १९६३ च्या मे महिन्याच्या १२ तारखेस मिलानच्या सान सीरो मैदानावर इटली व ब्राझील यांचा सामना झाला. ब्राझील तेव्हां जगज्जेता. १९५८ व १९६२ असे लागोपाठ दोन विश्वचषक त्यानें जिंकलेले. त्यांचा पेले अवघा बावीस वर्षांचा, आणि त्याच्यासारखा खेळाडू पृथ्वीवर दुसरा नाहीं असें सर्वांचें मत. त्यास आवरण्याचें काम त्रापात्तोनींवर आलें. इटलीनें सामना ३-० असा जिंकला, आणि अर्धा तास होण्यापूर्वींच पेले मैदान सोडून बाहेर गेला. झालें! त्रापात्तोनींनीं पेलेस गारद केलें, त्यास चेंडूस पाय लावूं दिला नाहीं, अशी कथा पसरली. ती बापानें मुलास सांगितली व मुलानें नातवास. एखाद्याचा उभा जन्म अशा एका कथेवर सुखानें निघून जावा.

आणि त्रापात्तोनी काय सांगत आले? पेले त्या दिवशीं धड नव्हता. दुखापत अंगावर घेऊनच तो उतरला होता व तिच्यामुळेंच बाहेर गेला. आपण चांगले खेळाडू होतों हें खरें, पण पेलेशीं आपली तुलना करूं नये. ही गोष्ट त्यांनीं आपल्या तोंडानें अनेकदां सांगितली. मित्रांनो, यांत कोणी त्यांस खोटें बोलावयास सांगत नव्हतें. नुसतें गप्प बसावयाचें होतें. बाकीचें काम लोकांनीं केलेंच होतें. न कमाविलेला पैसा परत करणारीं माणसें आपण आपल्या धर्मग्रामांतही पाहिलीं आहेत. न कमाविलेली स्तुति परत करणारा माणूस आम्हीं तरी फार विरळा पाहिला. आमच्या मतें त्रापात्तोनींच्या चरित्रांत त्यांनीं जिंकलेल्या सर्व चषकांपेक्षां ही गोष्ट मोठी आहे, आणि ती घडली त्या वेळीं पंच नव्हता, शिट्टी नव्हती, कीं कोणी बघणाराही नव्हता.

१९७१ नंतर एक हंगाम वारेझे येथें काढून ते खेळांतून निवृत्त झाले व शिकवूं लागले. मिलानमध्यें थोडी उमेदवारी झाल्यावर १९७६ सालीं, वयाच्या सदतिसाव्या वर्षीं, तुरीन शहरच्या युव्हेन्तुस संघानें त्यांस बोलाविलें. पहिल्याच वर्षीं संघास साठांपैकीं एक्कावन्न गुण मिळाले आणि त्याच शहरच्या तोरिनो संघास पन्नास! याहून चुरशीची शर्यत आम्ही ऐकली नाहीं. त्याच वर्षीं बिल्बाओच्या संघाविरुद्ध युएफा चषक जिंकला, आणि तो केवळ इटालियन खेळाडूंच्या बळावर. हें पहिलें वर्ष धरून दहा वर्षांत सहा वेळां देशाचें अजिंक्यपद. १९८२ सालीं इटलीनें विश्वचषक जिंकला तेव्हां अंतिम सामन्याच्या आरंभीं मैदानांत उतरलेल्या अकरा जणांपैकीं सहा जण त्रापात्तोनींच्या तालमींतले होते: झोफ, जेन्तिले, काब्रिनी, शिरेआ, तार्देल्ली आणि रोस्सी. मैदानाच्या कडेला उभें राहून दोन बोटें तोंडांत घालून ते अशी शिट्टी मारीत कीं, साठ हजार लोकांच्या गोंगाटांतूनही ती त्यांच्या गड्यांस ऐकूं जाई.

एक चषक मात्र हुलकावणी देत होता, युरोपच्या अजिंक्य संघांचा. १९८३ सालीं अथेन्स येथें हाम्बुर्ग संघानें तो एका गोलानें हिरावून घेतला. शेवटीं तो मिळाला १९८५ सालीं. आणि येथें आम्हांस थांबलें पाहिजे.

त्या वर्षीं मे महिन्याच्या २९ तारखेस, मरियामातेचा महिना संपत आला असतांना, ब्रुसेल्स शहरांतील हायझेल मैदानावर युव्हेन्तुस आणि इंग्लंडचा लिव्हरपूल यांची गांठ होती. मैदान जुनें व मोडकळीस आलेलें. सामना सुरू होण्यापूर्वीं इंग्लिश प्रेक्षकांचा एक जमाव शेजारच्या विभागावर चालून गेला. तेथें पुष्कळ इटालियन प्रेक्षक होते, कित्येक जण घरच्या मंडळींसह आलेले. ते भिंतीच्या बाजूस मागें सरत गेले. माणसांवर माणसें पडलीं, चेंगरलीं, आणि अखेर भिंत कोसळली. एकोणचाळीस जीव गेले. त्यांपैकीं बत्तीस इटालियन. त्यांत एक शाळकरी मुलगाही होता. बापाचें बोट धरून चषक पाहावयास आलेलें मूल, मित्रांनो.

आणि सामना खेळविला गेला. सामना रद्द केला तर दंगा आणखी पसरेल, अशी भीति अधिकाऱ्यांस वाटली. प्लातिनीनें पेनल्टीवर गोल केला. युव्हेन्तुस १-० नें विजयी. ज्या चषकाची त्या संघानें व त्याच्या प्रशिक्षकानें इतकीं वर्षें वाट पाहिली, तो असा हातीं आला. सामना खेळवावयास नको होता, असें आम्हांस वाटतें. परंतु त्या रात्रीं हजारों माणसांस जिवंत घरीं पोंचविण्याची जबाबदारी ज्यांच्या शिरावर होती, त्यांचा न्याय येथें मांडवांत बसून करणें आम्हांस साधणार नाहीं. विचारावयाचें तें इतकेंच कीं, त्या सकाळीं तुरीनच्या देवळांत कोणी म्हातारीनें आपल्या संघाच्या विजयासाठीं मेणबत्ती लावली असेल, तर तिची प्रार्थना ऐकली गेली असें म्हणावें काय? जें मागितलें तें अक्षरशः मिळालें. आणि तें मिळालें नसतें तर कोणाचें काय बिघडतें?

त्याच वर्षीं डिसेंबरच्या ८ तारखेस, अमलोद्भव मातेच्या सणाच्या दिवशीं, टोकियो येथें अर्जेंटिनाच्या संघास हरवून युव्हेन्तुसनें खंडांतर चषक जिंकला, आणि युरोपांतील तिन्ही मोठे चषक व हा चौथा असें सर्व कांहीं एकाच संघाबरोबर त्रापात्तोनींच्या पदरीं पडलें. पुढें मिलानच्या इंटर संघास त्यांनीं १९८९ सालीं चौतीस सामन्यांत अठ्ठावन्न गुणांनिशीं अजिंक्यपद मिळवून दिलें. एका विजयास दोन गुण देण्याच्या त्या काळांत हा उच्चांक होता. चषकांची सारी यादी आम्ही वाचीत नाहीं. ती लांब आहे, आणि भोजनाची वेळ जवळ आली आहे.

आतां एक हंसण्याजोगी पण आम्हांस फार आवडणारी गोष्ट. पन्नाशी उलटल्यावर हे गृहस्थ जर्मनींत म्यूनिच येथील बायर्न संघाचे प्रशिक्षक झाले. १९९४-९५ चें पहिलें वर्ष भाषेच्या अडचणींत फुकट गेलें. पण १९९६ सालीं ते पुन्हा तेथें गेले, आणि १९९७ सालीं जर्मनीचें अजिंक्यपद जिंकलें. पुढच्या हंगामांत संघ घसरूं लागला. कांहीं नांवाजलेले खेळाडू वर्तमानपत्रांत तक्रारी करूं लागले. १९९८ च्या मार्चच्या १० तारखेस त्रापात्तोनी पत्रकारांपुढें आले आणि टेबलावर मुठी आपटीत तीन-साडेतीन मिनिटें जर्मन भाषेंत कडाडले. ती जर्मन कशी? व्याकरणाचा कोठें पत्ता नाहीं. खेळाडू 'रिकामी बाटली' सारखे खेळले, असें कांहींसें ते म्हणाले. शेवटीं 'माझें बोलणें संपलें' असें म्हणावयाचें होतें, तें त्यांनीं 'इश हाबे फेर्टिग' अशा शब्दांत सांगितलें. म्हणजे 'माझें झालें' असें म्हणण्याऐवजीं कोणी मराठींत 'मी झालें' म्हणावें तसें! सारा जर्मनी हंसला. पण पहा, तो देश त्या वाक्यांच्या प्रेमांत पडला, आणि तें चुकीचें वाक्य जर्मन लोकांच्या नित्याच्या बोलण्यांत जाऊन बसलें. कारण त्या माणसाचें म्हणणें काय आहे हें प्रत्येकास कळलें होतें: जो राबत नाहीं त्यानें तक्रार करूं नये. आपल्या आजोबा-पणज्यांच्या काळीं परदेशांतून आलेले धर्मगुरु प्रवचनांत लिंगवचनाचे असेच खून पाडीत, आणि लोक देवळांत तोंडाला पदर लावून हंसत. पण आजारी माणसापाशीं रात्र जागवावयास तेच येत, म्हणून त्यांची मोडकी मराठी त्या घरांत पुढें प्रेमानें सांगितली गेली. आमच्या बिनचूक मराठीबद्दल कोणी तसें बोलेल अशी आम्हांस आशा नाहीं.

२००० सालीं ते इटलीच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले, आणि २००२ च्या विश्वचषकासाठीं कोरिया व जपान देशीं गेले. येथें त्या दोन वाटा एकत्र आल्या. धर्मभगिनी झालेल्या त्यांच्या बहिणीनें त्यांस पवित्र जलाची एक लहानशी बाटली दिली होती. ती त्यांनीं सामन्यांच्या वेळीं बरोबर ठेविली, तींतलें पाणी बाकापाशीं शिंपडलें, आणि तें साऱ्या जगानें दूरचित्रवाणीवर पाहिलें.

जून महिन्याच्या १८ तारखेस देजॉन या शहरांत यजमान दक्षिण कोरियाशीं सामना झाला. व्हिएरीनें अठराव्या मिनिटास गोल करून इटलीस आघाडी मिळवून दिली. ८८ व्या मिनिटास कोरियानें बरोबरी केली. जादा वेळांत इक्वेडोरचे पंच मोरेनो यांनीं तोत्ती या खेळाडूस मैदानाबाहेर काढलें. तोम्मासीचा गोल ऑफसाइड ठरविला गेला. आणि ११७ व्या मिनिटास आन जुंग-ह्वान यानें डोक्यानें गोल मारून इटलीस घरीं पाठविलें. इटलींत संतापाचा डोंब उसळला. त्रापात्तोनींनींही पंचांविरुद्ध कडक शब्द वापरले, आणि त्यांचें गाऱ्हाणें निराधार होतें असें आम्ही म्हणणार नाहीं.

पण आम्हीं वर ज्या चुकीचा उल्लेख केला ती याच सामन्यांतली. एका गोलाची आघाडी हातीं असतांना, अर्धा तास शिल्लक असतांना, त्यांनीं गोल करणारा देल पिएरो बाहेर काढला व अडविणारा गात्तूझो आंत पाठविला. मधल्या फळीच्या माणसाची जन्मभराची संवय ती. मिळालेलें राखावें, झांकून ठेवावें. शुभवर्तमानांतल्या दृष्टान्तांत ज्या सेवकानें आपली मोहोर जमिनींत पुरून ठेविली, त्याची आम्हांस त्या वेळीं आठवण झाली. पंचानें अन्याय केला असेल. पण पंचाच्या हातीं निकाल जाण्याइतकी वेळ स्वतःच आणली, हेंही तितकेंच खरें.

आणि त्या बाटलीचें काय? कांहीं टीकाकारांनीं थट्टा केली कीं, देवानें ऐकलें नाहीं. ही थट्टा करणाऱ्यांस आणि आमच्या दोन कप्तानांस एकच सांगावयाचें आहे. पवित्र जल हें विजयाचें औषध नव्हे. तें आपल्या स्नानसंस्काराची आठवण आहे. तें शिंपडणारा म्हणतो कीं, मी तुझा आहें, जिंकलों तरी तुझा आणि हरलों तरी तुझा. ताईत बांधणारा म्हणतो कीं, माझें काम कर. बाहेरून पाहतां दोघांची कृति सारखीच दिसते, आणि म्हणूनच लाखों डोळ्यांपुढें ती करतांना जपावें लागतें. त्रापात्तोनींच्या मनांत काय होतें तें परमेश्वर जाणे. आम्हांस दिसतें तें इतकें कीं, हरल्यावर त्यांनीं पंचास दोष दिला, नशिबास दिला, पण देवाशीं कज्जा केला नाहीं, व श्रद्धा टाकली नाहीं. ताईत बांधणारा पहिल्या पराभवानंतर ताईत फेंकून देतो.

२००४ च्या युरोपीय स्पर्धेंत तर एकही सामना न हरतां इटली बाहेर पडली. तिघांचे गुण सारखे झाले आणि हिशेब विरुद्ध गेला. पासष्टीचा माणूस आतां घरीं बसेल असें लोकांस वाटलें. त्यांनीं पोर्तुगालची वाट धरली, आणि ज्या बेन्फिकाला चाळीसएक वर्षांपूर्वीं वेम्ब्लीवर हरविलें होतें, त्याच संघास २००५ सालीं अकरा वर्षांच्या खंडानंतर देशाचें अजिंक्यपद मिळवून दिलें. २००७ सालीं ऑस्ट्रियाच्या साल्झबुर्गबरोबर तेंच केलें. असे चार देश झाले.

मग संत पॅट्रिकच्या सणास जन्मलेला हा माणूस २००८ सालीं संत पॅट्रिकच्या देशाचा प्रशिक्षक झाला. ज्या आयर्लंडनें जगभर धर्मगुरु व धर्मभगिनी पाठविल्या, त्या देशाचा संघ तेव्हां मोठ्या स्पर्धांपासून दूर पडला होता. २००९ च्या नोव्हेंबरच्या १८ तारखेस पॅरिस येथें विश्वचषकाच्या प्रवेशासाठीं फ्रान्सशीं निर्णायक सामना झाला. आयर्लंडचे खेळाडू त्या रात्रीं जिवाच्या आकांतानें खेळले. रॉबी कीननें गोल करून दोन सामन्यांची बेरीज बरोबरींत आणली. जादा वेळांत फ्रान्सच्या आंरीनें चेंडू हातानें अडवून आपल्या सोबत्याकडे दिला, आणि गाल्लासनें गोल केला. हात सर्वांस दिसला. पंचास दिसला नाहीं. सामना पुन्हा खेळवावा ही आयर्लंडची विनंती फेटाळली गेली.

त्रापात्तोनी या वेळीं सत्तर वर्षांचे होते. सामना पुन्हा होणें नाहीं हें त्यांनीं लगेच ओळखलें, आणि बोट ठेविलें तें खेळांतल्या सचोटीवर. देजॉन येथें टाहो फोडणारा माणूस आणि पॅरिस येथें दुःख गिळून मुलांस सांवरणारा माणूस एकच. मधल्या सात वर्षांत त्यांत कांहीं पिकलें होतें. संघ मोडला नाहीं. २०१२ सालच्या युरोपीय स्पर्धेंत आयर्लंडनें प्रवेश मिळविला, १९८८ नंतर प्रथमच. तेथें ते तिन्ही सामने हरले, हेंही सांगितलें पाहिजे. ग्दान्स्क शहरांत स्पेननें त्यांस ४-० असें धुऊन काढलें. आणि सामना संपत आला असतां आयर्लंडचे हजारों प्रेक्षक, पराभव समोर दिसत असतां, दुष्काळाच्या काळाची कहाणी सांगणारें आपलें गीत एका सुरांत गाऊं लागले, तें शेवटची शिट्टी झाल्यावरही थांबले नाहींत. तिसरा सामना खुद्द इटलीशीं पडला. तारीख होती १८ जून. देजॉनला बरोबर दहा वर्षें झालीं होतीं. स्वतःच्या देशाविरुद्ध ते आयर्लंडच्या बाकापाशीं उभे राहिले, आणि २-० असे हरले.

आयर्लंडचें काम चालू असतांनाच २०१० च्या ऑक्टोबरच्या २३ तारखेस त्यांनीं आणखी एक संघ सांभाळला, तोही एका दिवसापुरता. व्हॅटिकन नगरींतील नोकरदारांचा जो संघ आहे, तो इटलीच्या आर्थिक पोलीस दलाच्या संघाशीं खेळला, तेव्हां बाकापाशीं त्रापात्तोनी होते. दहा अजिंक्यपदें जिंकलेला प्रशिक्षक, आणि समोर दिवसभर पहारा करून संध्याकाळीं चेंडू खेळणारीं माणसें. चषक नाहीं, पगार नाहीं, वर्तमानपत्रांत चार ओळी. तेथें जाण्याची त्यांची फार दिवसांची इच्छा होती.

२०१३ सालीं आयर्लंडचें काम सुटलें. त्यानंतर इटलीच्या सरकारी दूरचित्रवाणीनें त्यांस राष्ट्रीय संघाच्या सामन्यांवर बोलावयास बसविलें. २०१५ सालीं, शहात्तराव्या वर्षीं, कानांवर यंत्र चढवून ते समालोचकाच्या खुर्चींत दिसूं लागले. खेळाडूंचीं नांवें जिभेवर अडखळत, वाक्यें अर्ध्यांत सुटत, आणि उद्गार असे निघत कीं, समालोचक बोलत आहे कीं प्रशिक्षक बाकावरून ओरडत आहे हें ऐकणाऱ्यास कळूं नये. कांहींनीं नापसंती दाखविली. आम्हांस तें ऐकून गंमत वाटली. गोल कोणी केला हें सांगावयास तेथें दुसरा समालोचक होताच. त्रापात्तोनींचें लक्ष मात्र मधल्या फळीकडे, चेंडू जवळ नसलेल्या गड्याकडे, तो वेळेवर मागें येतो आहे कीं नाहीं याकडे.